आठ विरुद्ध एक

मुंबईतील ज्युरीच्या खटल्यांचा आढावा घ्यायचा म्हटले की नानावटी प्रकरण टाळता येत नाही, आणि त्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी कायदा चित्रपटगृहात शिकलेला असतो, हेही टाळता येत नाही. 1959 मध्ये नऊ ज्युररांनी आठ विरुद्ध एक मतांनी नौदलाच्या कमांडर नानावटींना पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्या खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवले. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने पेटवलेल्या लोकमताला ज्युरी भुलली आणि म्हणून देशातून ज्युरीच उठली, ही कथा तेव्हापासून फिरते आहे. तिचा उत्तरार्ध साफ चुकीचा आहे. सेटलवाडांच्या विधी आयोगाने ज्युरी बंद करण्याची शिफारस 1958 मध्येच केली होती, म्हणजे आहुजांवर गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधी. आणि काही ठिकाणी ही पद्धत 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता येईपर्यंत रेंगाळली. पूर्वार्धाबद्दल माझा हट्ट जुना आहे. ज्युरीला दोष देण्यापूर्वी न्यायाधीशाने तिला काय समजावून सांगितले, ते पाहावे.

टिळकांवरच्या 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात दोषी म्हणणारे सहा युरोपियन ज्युरर एकीकडे, तीन हिंदी दुसरीकडे. 1908 मध्ये सात विरुद्ध दोन. मराठी लेखांचे इंग्रजी तर्जुमे वाचून झालेले हे निर्णय महाराष्ट्राने कधीच मानले नाहीत, आणि ते रास्तच होते. पण वंशभेदाचा हिशेब मांडून थांबणारे न्या. स्ट्रेची यांचे ज्युरीपुढील निरूपण विसरतात. सरकारविषयी प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती, असा अर्थ त्यांनी राजद्रोहाच्या कलमाला दिला. गुन्ह्याची व्याख्याच इतकी सैल केल्यावर वाजवी संशयाला शिरकाव कुठून मिळणार? (1897 मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले दावर 1908 मध्ये न्यायासनावर होते, हा काळाचा विनोद वेगळाच.) कोणत्या प्रांताने कोणत्या जिल्ह्यात ज्युरी आणली, हा मधला तपशील रटाळ आहे, तो सोडून देतो.

नानावटी खटल्यात हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. अपघाताचा अपवाद मागणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो, असे तेव्हाच्या पुरावा कायद्याचे कलम 105 सांगत असे. खुनाचा आरोप सिद्ध करण्याचा भार मात्र अखेरपर्यंत सरकारपक्षावरच राहतो. सत्र न्यायाधीश मेहता यांनी ज्युरीला कलम 105 चे गृहीतक समजावलेच नाही. निकाल पटला नाही तेव्हा त्यांनीच तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 307 खाली प्रकरण हायकोर्टाकडे धाडले. 1908 मध्ये खुद्द हायकोर्टाच्या सेशन्समध्ये चाललेल्या खटल्याला ही वाट नव्हती. हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

यावर एक हुशार आक्षेप घेतला जातो: अपघात सिद्ध झाला नाही, तरी हेतूविषयी संशय उरला तर आरोपी सुटलाच पाहिजे, मग निरूपणातल्या त्रुटीने बिघडले काय? तत्त्व सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिणाऱ्या न्या. सुब्बा राव यांना मान्यच होते, त्यांनी ते निकालपत्रात स्वच्छ मांडले आहे. पण संशय पुराव्यातून उगवावा लागतो. खोटे कारण सांगून जहाजावरून घेतलेले रिव्हॉल्व्हर, तीन गोळ्या आणि झटापटीनंतरही आहुजांच्या अंगावर जागच्या जागी असलेला टॉवेल हे सारे समोर असताना तो उगवत नव्हता. दुसरा आक्षेप भावनेचा आहे: ज्युरी म्हणजे लोकांची सदसद्विवेकबुद्धी, तिने दया दाखवली तर चुकले कुठे? दयेचे दार राज्यपालांच्या हाती होते, आणि 1964 मध्ये विजयालक्ष्मी पंडितांनी ते उघडलेही. गुन्हा झालाच नाही असे म्हणणे आणि गुन्हेगाराला माफ करणे यांत जे अंतर आहे, ते ज्युरीपाशी पुसले गेले. शिवाय ज्युरी कारणे देत नाही. त्यामुळे त्या आठ जणांना अपघात पटला की नवऱ्याचा संताप, हे ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे ठरवले.

आता न्यायाधीश कारणांसह शेकडो पाने लिहितात, तरी वाद मथळ्यावरच होतात आणि ‘संशयाचा फायदा’ हे शब्द शिवीसारखे वापरले जातात. नानावटीवर नव्याने लिहिणाऱ्यांनाही पांढरा गणवेश आणि टॉवेल आठवतो. कलम 105 वरचा सुब्बा राव यांचा परिच्छेद कुणी उघडत नाही.