थेंब इतके सावकाश का?

गोंदियाजवळील बिरसी हे आमचे गाव. गेल्या पावसाळ्यात पाण्यातील औषधाचा वास जावा, म्हणून आमच्या घरी पाणी गाळण्याचे एक नवे भांडे आणले. वरच्या कप्प्यात पाणी ओतले; परंतु पुष्कळ वेळ गेला, तरी खाली तळ झाकेल एवढेही पाणी उतरले नाही. माझा नातू अधीर झाला. हातात दाभण घेऊन तो म्हणाला, "आजोबा, या नळकांड्याला एक भोक पाडू का?" मी त्याचा हात धरला. का, ते ऐका.

मुलांनो, या भांड्यात पंप नसतो. वर साठलेल्या थोड्याशा पाण्याचा भार, एवढेच त्याचे बळ. मधल्या नळकांड्यात विशेष रीतीने तयार केलेल्या कोळशाचे दाणे असतात. पुष्कळदा हा कोळसा नारळाच्या करवंटीचा असतो. त्याच्या दाण्यादाण्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. अशा एक ग्रॅम कोळशातील छिद्रांच्या भिंती पसरता आल्या, तर त्या ५०० चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापतील! पाण्याला वास व रंग आणणारी पुष्कळ द्रव्ये या भिंतींवरच अडकतात.

नवे नळकांडे कोरडे असते. म्हणजेच ही छिद्रे आणि दाण्यांमधील फटी हवेने भरलेल्या असतात. वरून पाणी ओतताच वाटांची तोंडे बंद होतात व हवा आत कोंडते. तिला बाहेर रेटण्याइतका जोर त्या पाण्यात नसतो. म्हणून ते उरलेल्या वाटांनी थेंबथेंब झिरपते.

नवा माठ वापरण्यापूर्वी पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत तुम्ही पाहिली असेल. त्या वेळी त्यातून बुडबुडे निघतात. तीही कोंडलेली हवाच. आम्ही नळकांडे स्वच्छ पाण्यात बुडवले आणि बुडबुडे थांबेपर्यंत हलकेच हलवले. कोळशाच्या भुकटीने काळसर झालेले पहिले पाणी झाडांना घातले. मग पाणी बरेच लवकर उतरू लागले.

तरीही ते नळासारखे वेगाने आले नाही, येऊही नये. पाणी दाण्यांच्या सहवासात जितका वेळ राहते, तितके ते अधिक निवळते. भोक पाडले असते, तर पाणी धावले असते. पण जसेच्या तसे, न गाळता!

आपल्या धानाच्या मुलखातील तुसाची राखही अशीच सच्छिद्र असते. २००९ साली टाटा उद्योगसमूहाने बाजारात आणलेल्या जलशुद्धीकरण यंत्रात चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेली तुसाची राख वापरली होती. चांदीमुळे रोगजंतू मरतात. नुसत्या कोळशाच्या अंगी मात्र ही शक्ती नसते. म्हणून शंका आल्यास पाणी उकळूनच प्यावे.

एक मंदपणा दोषाचा असतो, तो दूर करावा. दुसरा कामाचा असतो, तो धीराने सोसावा. नातवाने दाभण जागेवर ठेवली, तेव्हा त्याला हा भेद कळला होता.