टू-स्ट्रोक इंजिन तापते कसे आणि अडते कुठे?

जयपूर : आमेर रस्ता सोडून कनक घाटीतून नाहरगड किल्ल्याकडे चढणारी वाट जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींची कसोटी पाहते. वेग कमी, चढ तीव्र, मागे दुसरा स्वार आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात गेलेला पारा. अशा वेळी इंजिन तापून अडले तर नवल वाटत नाही. परंतु ही इंजिने उतारावरही अडतात आणि जानेवारीच्या पहाटेही अडतात. धावत्या गाडीचे इंजिन जाम झाले की मागील चाक क्षणात जखडते व स्वार रस्त्यावर फेकला जातो. त्यामुळे हा विषय केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा नाही.

यामाहा आरएक्स १०० चे भारतातील उत्पादन १९८५ मध्ये सुरू झाले व १९९६ मध्ये थांबले. म्हैसूरच्या कारखान्यातील येझदीही १९९६ मध्येच बंद पडली. तरीही या गाड्या आणि राजदूत आज हौसेने जपल्या जातात. या साऱ्यांचे इंजिन वाऱ्याने थंड होते; पाणी नाही, रेडिएटर नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. त्यामुळे पिस्टनला उसंत मिळत नाही. शिवाय तळाशी तेलाचा साठा नसल्याने फिरत्या तेलाकडून उष्णता वाहून नेण्याची सोयही नाही. वंगण म्हणून जे काही मिळते ते पेट्रोलबरोबर आलेले थोडेसे टू-टी तेल, आणि पिस्टनला आतून थंडावा देणारे म्हणजे क्रँककेसमधून जाणारे पेट्रोल व हवेचे ताजे मिश्रण. म्हणजे या इंजिनात पेट्रोल हे इंधन तर आहेच, शिवाय शीतकही आहे. पुढचे बहुतेक सारे या एका गोष्टीतून निघते.

आरएक्स १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तर सिलिंडरचे अस्तर बिडाचे. तापमान १०० अंशांनी वाढले की ॲल्युमिनियमचा ५० मिलिमीटरचा तुकडा सुमारे ०.११५ मिलिमीटरने फुगतो, बीड त्याच्या निम्म्याने. दोघांमधील मोकळी जागा मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. म्हणूनच पिस्टन पूर्ण गोल नसतो. तो किंचित लंबवर्तुळाकार आणि वरच्या टोकाला निमुळता घडवलेला असतो. धुराचे द्वार ज्या बाजूला असते, ती बाजू सर्वाधिक तापते. जाम झालेला पिस्टन बाहेर काढला की ओरखडे बहुधा त्याच बाजूला सापडतात.

उन्हाळ्याचा परिणाम साध्या वजाबाकीने समजतो. सिलिंडरवरील पंख्यांचा, म्हणजे फिन्सचा, पृष्ठभाग १५० अंशांवर आहे असे धरू. बाहेरची हवा २५ अंशांची असेल तर फरक १२५ अंशांचा. ४५ अंशांची असेल तर १०५ अंशांचा. उष्णता बाहेर पडण्याचा वेग ढोबळमानाने या फरकावर अवलंबून असल्याने तो सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. चांदपोलच्या कोंडीत गाडी उभी राहिली तर वाराही नाहीसा होतो. आकुर्डीत तयार झालेल्या जुन्या चेतक स्कूटरला ही अडचण कमी जाणवे, कारण तिच्या इंजिनाला स्वतःचा पंखा होता आणि सिलिंडरभोवतीचे आवरण त्याची हवा योग्य जागी नेत असे. ते आवरण काढून टाकून ‘इंजिन मोकळे केले’ असे मानणारे लोक उलटाच परिणाम पदरात पाडून घेत.

हिवाळ्याची गोष्ट वेगळी आहे. ५ अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के दाट असते. कार्बोरेटरमधून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण विरळ होते आणि ज्वलन अधिक तापते. त्यातच थंड गाडी सुरू करून लगेच जोरात पिटाळली, तर पिस्टन आधी फुगतो आणि सिलिंडर मागे राहतो. अशा वेळी ओरखडे पिस्टनच्या चारही अंगांना उमटतात.

पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलचाही येथे संबंध येतो. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे जेट तेच ठेवले तर मिश्रण सुमारे ७ ते ८ टक्के विरळ होते. इथेनॉलच्या बाष्पीभवनात अधिक उष्णता शोषली जाते, पण त्याने ही तूट अंशतःच भरून निघते. विदर्भातील वाचकांनीही जुन्या गाडीचा मुख्य जेट एक पायरी मोठा करण्याबाबत जाणत्या मेकॅनिकशी बोललेले बरे.

तेल जास्त घातले की इंजिन सुरक्षित, हा समज अर्धवट आहे. येझदीसारख्या गाडीत तेल टाकीतच मिसळले जाते. तेथे तेल वाढले की त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल तेवढे घटते आणि मिश्रण पुन्हा विरळ होते. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये पळवली तर पेट्रोलबरोबर तेलही थांबते, इंजिन मात्र वेगाने फिरतच राहते. नाहरगडावरून खाली येताना अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडावा, असे जुने स्वार सांगतात ते यामुळेच.

आतली अवस्था सांगणारे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्पार्क प्लग. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक, पांढुरके असेल तर मिश्रण विरळ, काळे व ओले असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त. प्लग बदलताना एक घोटाळा हमखास होतो : एनजीकेच्या क्रमांकात मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉश म्हणजे जुन्या मायकोच्या क्रमांकात लहान आकडा म्हणजे थंड. एकाचा आकडा पाहून दुसऱ्याचा प्लग बसवला तर गरम प्लग पदरी येऊ शकतो आणि भर उन्हात पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

जाम होण्यापूर्वी इंजिन बहुधा इशारा देते. ताकद अचानक ओसरते, आवाज बसतो, कधी धातू घासल्यासारखी कर्कश किरकिर येते. त्या क्षणी ब्रेकआधी क्लच दाबावा, म्हणजे मागील चाक मोकळे राहते. गाडी बाजूला घेतल्यावर तापलेल्या फिन्सवर पाणी ओतू नये. इंजिन सावलीत आपोआप निवू द्यावे आणि नंतर किक हाताने हळूच दाबून पाहावी. पिस्टन मोकळा फिरला तरी त्याच फेरीत गाडी पुन्हा चढावर घालू नये; रिंग आणि सिलिंडरवरील ओरखडे उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.