राजगड : वाडे गेले, जोती उरली

पुणे-सातारा महामार्गावरील नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे निघाले, की गुंजवणी नदीच्या खोऱ्यात विंझर हे गाव लागते. या गावच्या दक्षिणेस राजगड, तर पश्चिमेच्या अंगाला तोरणा. साडेचार हजार फुटांहून थोडा अधिक उंच असलेला राजगड हे सुमारे पाव शतक स्वराज्याच्या राजधानीचे ठिकाण होते. परंतु राजवाडा पाहण्याच्या अपेक्षेने गडावर जाणाऱ्याला तेथे बहुतांशी दगडी जोतीच आढळतात. ही जोती म्हणजे निव्वळ अवशेष नव्हेत. राजधानीच्या रचनेचा तो अस्सल दस्तऐवज होय.

मुरुंबदेवाचा डोंगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थळाची निवड शिवाजी महाराजांनी विचारपूर्वक केली. मधोमध उंच कातळावर बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, अशी गडाची मांडणी आहे. वस्ती आणि राज्यकारभार प्रामुख्याने पद्मावती माचीवर, तर अखेरचा आसरा बालेकिल्ल्यावर. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी हा दुर्गबांधणीचा विलक्षण नमुना मानला जातो. बाहेरचा तट शत्रूने पाडला, तरी आतला तट शाबूत राहतो आणि दोहोंमधील चिंचोळ्या जागेत शिरलेला शत्रू वरून होणाऱ्या माऱ्यात सापडतो.

या गडाने स्वराज्याचे अनेक बरेवाईट दिवस पाहिले. सईबाईंचे निधन १६५९ मध्ये येथेच झाले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. महाराजांकडे उरलेल्या १२ किल्ल्यांत राजगड होता. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला निघाले ते येथूनच आणि सुटकेनंतर परतले तेही येथेच. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म या गडावर झाला. पुढे राजधानी रायगडावर गेली. १७०४ मध्ये औरंगजेबाने स्वतः वेढा घालून राजगड घेतला व त्याला 'नबीशाहगड' असे नाव दिले. परंतु १७०७ मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. त्यानंतर तो भोरच्या पंतसचिवांच्या ताब्यात राहिला.

मग वाडे कोठे गेले? त्या काळच्या वाड्यांचे जोते दगडी असे; वरचा डोलारा मात्र लाकूड, माती व विटांचा. राबता थांबला, की सह्याद्रीच्या पावसात असे छप्पर फार काळ तग धरत नाही. लाकूड कुजले, माती वाहून गेली आणि दगड तेवढा मागे राहिला.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' म्हणून १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत राजगड आहे. दक्षिण कोरियातील नामहानसानसोंग हा डोंगरी किल्ला याच यादीत २०१४ मध्ये आला. १६३६ मध्ये मांचू आक्रमणाच्या वेळी तेथील राजाने त्या किल्ल्याचा आश्रय घेतला होता. तो संकटकाळचा आसरा होता. राजगड मात्र नित्याच्या कारभाराची राजधानी होती. डोंगराच्या नैसर्गिक रचनेचा संरक्षणासाठी केलेला उपयोग हे दोन्ही ठिकाणांचे वैशिष्ट्य.

राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे. तथापि केवळ दर्जा मिळाल्याने वास्तू टिकत नाही. सांध्यांत रुजलेली झाडे दगड सरकवतात. डागडुजी करताना चुन्याऐवजी सिमेंट वापरले, तर भिंतीतील ओल बाहेर पडत नाही आणि दगडच झिजू लागतो. त्यातच चुलीसाठी जोत्याचे दगड उचलणे किंवा तटावर नावे कोरणे हे प्रकारही हानिकारकच. ढासळलेला तट जुन्या नोंदी व छायाचित्रांच्या आधारे पुन्हा उभारता येईल. परंतु जोत्याचा दगड एकदा जागचा हलला, की तेथे भिंत होती की ओसरी, दालन होते की कोठार, हे सांगणारा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

विंझरच्या बाजूने गडाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानी ठेवले, तरी जागतिक वारशाचे जतन बऱ्याच अंशी साधेल. राजगडावर पाहण्यासारखे काही उरले नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा त्या जोत्यांपाशी थांबून दालनांची मांडणी न्याहाळावी. राजधानीचा नकाशा तेथे पायाखाली उलगडलेला दिसेल.