कोंबड्याच्या नावाचे मुष्टियोद्धे

कोंबड्या पाळणाऱ्यांना बँटम हा ठेंगणा कोंबडा माहीत असेल. अंगाने मूठभर, पण दुप्पट कोंबड्याच्या अंगावर धावून जाणारा. मुष्टियुद्धात ५३.५ किलोपर्यंतच्या गड्यांना त्याच्यावरूनच बँटमवेट म्हणतात. डीएपीच्या गोणीपेक्षा जेमतेम साडेतीन किलो जास्त! महंमद अलीचे नाव आपल्या पारावरही पोचले. या हलक्या गड्यांची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही.

त्यांतलाच जॉनी ओवेन. वेल्समधल्या मर्थर टिडफिल या कोळसा-लोखंडाच्या गावचा, कष्टकऱ्याच्या घरातला. इतका काटकुळा की लोक त्याला 'मर्थरची काडी' म्हणत. ब्रिटन, राष्ट्रकुल आणि युरोप, तिन्ही अजिंक्यपदे त्याने मिळवली. १९ सप्टेंबर १९८० रोजी लॉस एंजलिसला जागतिक अजिंक्यपदासाठी तो मेक्सिकोच्या लुपे पिंटोरशी लढला. नवव्या फेरीत पडला, उठला. बाराव्या फेरीत पडला, तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. ४ नोव्हेंबरला गेला. वय २४. त्याची कवटी मुळातच पातळ होती, हे मागाहून कळले.

तीनच वर्षांनी, १९८३ च्या सप्टेंबरात, त्याच सभागृहात, त्याच पदासाठी लढताना मेक्सिकोचा किको बेहिनेस कोसळला आणि तीन दिवसांनी वारला. त्याचे नाव तर ओवेनइतकेही उरले नाही.

हे होते कसे? हनुवटीवर ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते, मेंदू आत हिसकला जातो, त्यावरच्या बारीक शिरा तुटतात. रक्त साकळते, त्याला बाहेर वाट नसते, मेंदू दाबला जातो. वर जखम दिसेलच असे नाही. बैलाने उडवलेला किंवा झाडावरून पडलेला माणूस 'काही झाले नाही' म्हणत घरी येतो आणि रात्री ओकाऱ्या काढतो, गुंगीत जातो, तेही पुष्कळदा याच कारणाने. 'झोपू द्या त्याला' म्हणू नका. तडक दवाखान्यात न्या.

शिवाय वजनात बसावे म्हणून हे गडी लढतीआधी पाणी तोडतात. पाणी तोडलेल्या पिकाची अवस्था तुम्हांस मी काय सांगावी! १९८२ साली दक्षिण कोरियाचा किम दुक-कू असाच मेल्यावर जागतिक मुष्टियुद्ध मंडळाने फेऱ्या पंधराच्या बारा केल्या. पण ओवेन आणि बेहिनेस दोघेही बाराव्या फेरीतच पडले होते. तेव्हा एवढ्याने भागले, असे मला तरी वाटत नाही.

ओवेनच्या वडिलांनी पिंटोरला कधी दोष दिला नाही. २००२ साली मर्थरमध्ये जॉनीचा पुतळा उभा राहिला, तेव्हा त्यांनी मेक्सिकोहून पिंटोरलाच बोलावले. पुतळ्याचे अनावरण त्याच्याच हस्ते झाले.