सोय आणि सोयरे

लँकेस्टरला जायचं ठरलं तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तिथे घोडागाड्या सोडून बघण्यासारखं काही नाही हं." घोडागाड्या बघायला कोण चाललं होतं? मला टेलिफोनची खोपटी बघायची होती.

गेली वीसेक वर्षं मी आमिश लोकांविषयी मिळेल ते वाचतोय. वीज नाकारणाऱ्या माणसांवरचे लेख हा गृहस्थ मोबाइलवर वाचतो, अशी घरात थट्टाही सोसतोय. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात, बर्ड-इन-हँड नावाच्या गावापुढे, शेताच्या कडेला ते लाकडी खोपटं दिसलं तेव्हा जावईबापूंना गाडी थांबवायला लावली. आकार आपल्याकडच्या एसटीडी बूथएवढा. घरापासून चांगलं पन्नास-साठ पावलांवर. दार उघडं होतं. आत एक फोन, एक स्टूल आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. बाहेरूनच पाहिलं, पण पंढरी गाठल्यासारखं वाटलं.

पूर्वपीठिका उरकून टाकतो. १५२५ साली झुरिचमध्ये काही ख्रिस्ती लोकांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नव्हे, समजून-उमजून होकार देणाऱ्या मोठ्या माणसालाच द्यायचा. त्यापायी त्यांचा अतोनात छळ झाला. १६९३च्या सुमारास त्यांच्यातला याकोब अमान अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरून वेगळा झाला. त्याचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात आले. घरात आजही त्यांची जर्मन बोली चालते. झाली पूर्वपीठिका.

आता फोन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँकेस्टरच्या काही आमिश घरांत फोन आले होते. तेव्हा एका तारेवर अनेक घरं असत आणि कोणीही कोणाचं ऐकू शकत असे. दोघी बायका तिसरीविषयी काहीबाही बोलल्या, ते तिसरीकडून ऐकलं गेलं आणि प्रकरण मंडळीपुढे आलं, असं सांगतात. सुमारे १९१०मध्ये घरातला फोन बंद झाला. त्यावरून फूट पडली, काही कुटुंबं बाहेर गेली. पण आजाऱ्यासाठी डॉक्टर बोलवायचा तर फोन हवाच. म्हणून पुढे चार-सहा घरांत मिळून एक, तोही घराबाहेर, असा तोडगा निघाला.

मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. फोन वाईट असं ते म्हणत नाहीत. फोन करायचा असेल तर उठून चालत जा, एवढंच म्हणतात. जेवणाच्या पंगतीत घंटा वाजणार नाही. आणि पन्नास पावलं चालून फोन करण्यापेक्षा शंभर पावलं चालून शेजारी जाणं बरं, असं पुष्कळदा वाटेल. सोय त्यांनी अंगणाबाहेर ठेवली आणि सोयरे घरात. सोय आणि सोयरा यांची व्युत्पत्ती एक आहे असा माझा दावा नाही. पण पहिली वाढली की दुसरा कमी होतो, हे आपल्या सोसायटीत कोणीही पाहू शकतो.

विजेचंही तसंच. १९२०च्या आसपास त्यांनी कंपनीची तार घरात घ्यायची नाही असं ठरवलं. विश्वासणाऱ्याने जगाबरोबर एका जुवाला जुंपून घेऊ नये, हा बायबलमधला पौलाचा उपदेश ते अक्षरशः घेतात, आणि तार म्हणजे जूच. मात्र बॅटरी चालते, गॅसवरचा फ्रीज चालतो, दाबलेल्या हवेवर शिलाई मशीनही चालतं. मोटारीत बसणं चालतं, बाळगणं नाही. शेतात मी स्वतः पाहिलं: गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र, त्यावर धडधडणारं इंजिन, आणि ओढायला खेचरं! जावईबापू हसले. पण ट्रॅक्टर शेतात आला की शेत वाढतं, मग शेजाऱ्याचं शेत विकत घेतलं जातं आणि शेजारी जातो. त्यांचं गणित असं आहे.

हे ठरवतं कोण? पंचवीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी. त्यांना चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून कोणाच्या तरी घरी उपासना होते, बाकं गाडीतून घरोघर फिरतात. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाआधी, सगळे नियमांची उजळणी करतात. त्यांच्या धर्मजीवनाच्या मुळाशी एक जर्मन शब्द आहे, गेलासेनहाइट. म्हणजे देवापुढे आणि मंडळीपुढे स्वतःचं घोडं पुढे न दामटणं. सोय नेमकी उलट सांगते: तुला हवं, तेव्हा, कोणाला न विचारता.

इथे थोडं वाट वाकडी करून वर्ध्याला जातो. १९७८मध्ये इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. हे कॅथलिक धर्मगुरू होते, पुढे त्यांनी ते काम सोडलं. बापूकुटीत बसून त्यांना जे सुचलं ते त्यांनी तिथे बोलून दाखवलं: आपण घरं माणसासाठी नाही, सामानाच्या सोयीसाठी बांधतो, अशा अर्थाचं. याच इलिचनी हिशेब मांडला होता की मोटारीसाठी पैसे कमावण्यात जाणारे तासही धरले, तर सरासरी अमेरिकन माणूस ताशी पाच मैलांहूनही कमी वेगाने जातो. म्हणजे आमिशांची राखाडी बग्गी त्याला मागे टाकते! बापूकुटीच्या सारवलेल्या जमिनीवर बसलो असताना मला लँकेस्टरचं खोपटं आठवलं होतं, ते उगाच नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. माझी आजी पहाटे चारला जात्यावर बसे. तिला कोणी सोयीचे तोटे ऐकवले असते तर तिने खुंटा फेकून मारला असता. आमिश मुलांची शाळा आठवीनंतर संपते. १९७२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तशी मुभा दिली. मला ते पटत नाही. बाप्तिस्म्यानंतर मंडळी सोडणाऱ्याला वाळीत टाकतात, तेही नाही. आणि मोबाइल आता त्यांच्या खिशातही शिरतो आहे.

तरीही त्यांचा प्रश्न आपण उसना घ्यावा असा आहे. नवी वस्तू आली की आपण किंमत विचारतो, ते विचारतात: हिच्यामुळे आपण एकमेकांकडे जायचं थांबवू का?

१९००च्या सुमारास आमिश जेमतेम पाच-सहा हजार होते. इतक्या गैरसोयीत कोण राहील, म्हणून ते संपतील असं जाणकार सांगत. आज ते चार लाखांच्या घरात आहेत. घरटी मुलं जास्त, हे त्याचं एक कारण. दुसरं हे, की मोठी झाल्यावर जायची मोकळीक असूनही दहातली आठ-नऊ मुलं तिथेच राहतात.