तहकूब सभेचे नागरिक

ब्रिटनचे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशीय व्यक्तीस २००५ सालापासून सर्वसाधारणपणे एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ४५ मिनिटांत २४ प्रश्न आणि त्यांपैकी किमान १८ बरोबर, असे तिचे स्वरूप आहे. तिच्यासाठी नेमलेल्या सरकारी पुस्तकात लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, भिन्न श्रद्धांविषयी सहिष्णुता आणि सामूहिक जीवनातील सहभाग ही मूल्ये सांगितली आहेत. कायदा पाळणे, दुसऱ्याच्या हक्कांचा मान राखणे, राहत्या परिसराची निगा घेणे अशा जबाबदाऱ्याही त्यांच्या जोडीला नोंदविल्या आहेत. या परीक्षेवर टीकाही पुष्कळ झाली. २०२२ साली तेथील उमरावांच्या सभागृहाच्या एका समितीनेच तिच्यातील किरकोळ माहितीच्या प्रश्नांवर ताशेरे ओढले. पाठांतराने नागरिक घडत नाही, हे उघडच आहे. तथापि या परीक्षेतून उद्भवणारा एक प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. नवागताकडून जी अपेक्षा धरायची, ती जन्माने नागरिक असलेला माणूस तरी पुरी करतो काय?

भारतातही १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार नागरिकत्व स्वीकारणाऱ्या परदेशीयाला राज्यघटनेवरील निष्ठेची आणि नागरिक या नात्याने कर्तव्ये पार पाडण्याची शपथ घ्यावी लागते. येथे जन्मलेल्याला तशी शपथ कोणी विचारीत नाही. धाराशिव जिल्ह्याने मात्र या बाबतीत अधिक विचार करावयास हवा; कारण येथील आजच्या वडीलधाऱ्या पिढीचे आईबाप जन्माने नागरिक नव्हते, प्रजा होते.

२०२३ सालापर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यातही एक कसोटी होती. सरकारी नोकरीसाठी माणूस 'मुलकी' ठरावा लागे आणि बाहेरून आलेल्याने त्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागे. नागरी मूल्यांचा त्या कसोटीशी संबंध नव्हता. रयतेने वेठ करावी, सारा भरावा आणि लेव्हीचे धान्य घालावे. हक्काची भाषा बोलू नये. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ अन्वये सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरविता येत नसे. याच जिल्ह्यातील हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. चार माणसांनी एकत्र बसून सार्वजनिक गोष्टींविषयी बोलावे, एवढ्यासाठी त्या पिढीने तुरुंग पत्करला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या अत्याचारांची आठवण येथे अजून सांगितली जाते, आणि ती सांगितली जावी. परंतु मुक्तीनंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची चौकशी केलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले होते, हेही विसरता कामा नये. राज्य बदलले म्हणून प्रजेचा नागरिक एका रात्रीत होत नाही. शेजाऱ्याच्या जिवाची आणि मालमत्तेची हमी ही आपलीही जबाबदारी आहे, असे ज्याला वाटते तोच नागरिक.

कर्तव्याची भाषा काढली की अनेकांना शंका येते, आणि ती निराधार नाही. राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्यांचे कलम ४२ व्या दुरुस्तीने आले आणि ३ जानेवारी १९७७ रोजी, आणीबाणी चालू असताना, अमलात आले. हक्क गोठविणारे सरकार कर्तव्यांचा पाठ देऊ लागले, तर लोकांनी सावध होणेच योग्य. म्हणून कोणते कर्तव्य वरून लादलेले आणि कोणते हक्काच्या पोटातून जन्मलेले, हा भेद केला पाहिजे. दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राजवळ आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून कपात होई आणि मराठवाड्यातल्या मजुराला कामाचा हक्क मिळे. एकाचा हक्क दुसऱ्याच्या कर्तव्यावर उभा असतो, हे राज्यशास्त्रातील तत्त्व त्या काळी माती आणि खडी वाहणाऱ्या हातांनी अनुभवले.

आज या नात्याची खरी परीक्षा ग्रामसभेत होते. कायद्यानुसार ती वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. या सवलतीचाच अनेक गावांत नियम होऊन बसला आहे. पहिल्या सभेला माणसे येत नाहीत. दुसऱ्या सभेत मूठभर मंडळी सह्या करून विकास आराखडा आणि लाभार्थ्यांची यादी संमत करतात. मग वर्षभर पारावर बसून त्याच यादीला नावे ठेवली जातात. ज्या जिल्ह्यात सभेसाठी परवानगी मागावी लागत होती, तेथे आता सभा भरविणे सक्तीचे आहे आणि श्रोता मात्र मिळत नाही!

गैरहजर राहणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो, असे म्हणणे अर्थात अन्यायाचे होईल. कळंब, भूम, वाशी या भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. २६ जानेवारीच्या सभेला ती फडावर असतात. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो, त्याला सभेची किंमत पगारदारापेक्षा अधिक पडते. पण गावात असून न येणाऱ्यांचे काय? माझ्या एकट्याच्या येण्याने काय होणार, हा हिशेब प्रत्येकाने केला की सर्वांचेच नुकसान होते. पाण्याचेही तसेच आहे. एकाने बोअर खोल नेला की शेजाऱ्याची विहीर आटते; पुढे दोघेही टँकरची वाट पाहतात. उपशाला मर्यादा घालण्याचा ठराव सर्वांनी बसून केला, तरच तो पाळला जाण्याची आशा असते.

उपाय अवघड नाहीत. महत्त्वाचे विषय ऊसतोड कामगार परतल्यानंतरच्या सभेत घ्यावेत, सभा मजुरीच्या वेळेनंतर भरवावी, आणि मागच्या ठरावांचे काय झाले ते प्रथम वाचून दाखवावे. महाविद्यालयांनी मतदार झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावच्या एका सभेस हजर राहून तिचा वृत्तांत लिहावयास लावावे. परदेशीयाला २४ प्रश्न विचारणारी ब्रिटिश पद्धत आपण उचलण्याचे कारण नाही. येथील नागरिकाला एकच प्रश्न पुरेसा आहे: गेल्या ग्रामसभेच्या हजेरीपुस्तकात तुमची सही आहे काय?