वाढत्या अंगाची सायकल

लेकरांचे कपडे घेताना आपण सगळ्याच म्हणतो, "वाढत्या अंगाचं द्या हो दादा." शाळेचा ड्रेस दोन बोटं मोठा घेतला तर तो दुमडून टाका घालता येतो. पण हाच हिशोब आपण सायकलीलाही लावतो, आणि तिथे तो चुकतो. सायकल दुमडता येत नाही. मोठी सायकल घेतली की पोरगी सीटवर बसून पायडल मारताना डावी-उजवी हेलकावत राहते, ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत आणि थांबायची वेळ आली की पाय जमिनीला टेकत नाही. गावातल्या गल्लीत हे खपून जातं. आपल्या करमाडला मात्र जालना रोड आहे, शेंद्र्याच्या कंपन्यांचे ट्रक आहेत. लाडगाव, शेकटा, गाढेजळगाव अशा आसपासच्या गावांतून पोरींना शाळेत यायचं तर ब्रेक लागलाच पाहिजे आणि पाय टेकलाच पाहिजे.

हा विषय आज घेण्याचं आणखी एक कारण आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 तालुक्यांत, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. 2022 मध्ये ही रक्कम 3500 वरून 5000 रुपये झाली. आपलं गाव त्यात बसतं का, हे शाळेत मुख्याध्यापकांना विचारा. पैसे मुलीच्या खात्यावर येतात, म्हणजे सायकल निवडायची ती आपणच. आणि हा लाभ एकदाच मिळतो. म्हणून दुकानात जाताना मुलीला सोबत न्या. तिच्या मापाशिवाय सायकल आणू नका.

माप घरीच घेता येतं. मुलीला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं करा. दोन पायांच्या मधे एक जाड वही आडवी धरून सीटवर बसल्यासारखी वर घट्ट टेकवा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत शिलाईच्या टेपने मोजा. हे पायाचं आतलं माप. आपल्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायांना हे सांगायलाही नको. मधे आडवा दांडा असलेली सायकल असेल तर मुलगी तिच्यावर दोन्ही पाय टेकवून उभी राहिल्यावर दांडा आणि अंग यांच्यात किमान एक-दोन इंच जागा हवी. लेडीज सायकलीला तो दांडा नसतो, म्हणून तिथे सीट सगळ्यात खाली करून पाय टेकतो का ते पाहा. चाकाचं म्हणाल तर साधारण 130 ते 145 सेंटिमीटर उंचीला 24 इंची चाक आणि त्यापुढे 26 इंची बरं पडतं. तरी आकड्यापेक्षा बसून पाहणं महत्त्वाचं.

आता सीट. मुलीला सीटवर बसवा, सायकल कुणीतरी धरा. पायडल सगळ्यात खाली नेऊन त्यावर तिची टाच ठेवा. गुडघा अगदी सरळ झाला की उंची बरोबर. मग चालवताना ती पायाचा पुढचा भाग, चवडा, पायडलवर ठेवेल तेव्हा गुडघ्याला हलकासा बाक राहील. तोच हवा. आकड्यात हवं असेल तर आतल्या मापाला 0.883 ने गुणा. माप 70 सेंटिमीटर असेल तर पायडलचे दांडे जिथे जोडलेले असतात त्या मध्यापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत सुमारे 62 सेंटिमीटर. नव्याने शिकणारीची सीट मात्र पहिले काही दिवस खालीच ठेवा. दोन्ही तळवे जमिनीला टेकले की भीती जाते. तोल आला की हळूहळू वर घ्या.

सीट वर घेताना एक गोष्ट पाहाच. सीटच्या नळीवर आडवी रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसता कामा नये. दिसली तर नळी आत पुरेशी राहिलेली नाही, ती वाकू शकते किंवा निसटू शकते. मुलगी तिथपर्यंत वाढली असेल तर लांब नळी मिळते. जुनी नळी दुकानात दाखवून त्याच जाडीची आणा. हँडलच्या खुंटीवरही अशीच खूण असते.

हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं हवं. हात ताठ आणि खांदे कानाला लागलेले असतील तर हँडल लांब पडतंय. सीट थोडी पुढे सरकवता येते, पण पायडल आडवं असताना गुडघा पायडलच्या फार पुढे जाऊ देऊ नका. ब्रेकचं पातं लांब असेल तर बऱ्याच पात्यांवर एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की पातं हँडलच्या जवळ येतं. दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबला गेला पाहिजे. चेनला कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असू द्या, ओढणी अडकत नाही.

काही पोरं-पोरी खाली वळलेल्या हँडलची रेसची सायकल मागतात. तिच्यात अंग पुढे झुकतं, म्हणून मोठी घेतली तर मान आणि पाठ लगेच बोलायला लागते. तिथे तर वाढत्या अंगाचा विचारच नको.

दुखणं काय सांगतं तेही ऐका. गुडघा पुढून दुखला तर बहुतेक सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे ओढ लागली किंवा कंबर डुलली तर सीट वर आहे. पोरगी "आज सायकल नको" म्हणाली तर आळशी म्हणण्याआधी पाना घ्या. या वयात मुलं वर्षाला सहा-आठ सेंटिमीटरही वाढतात, म्हणून दर तीन महिन्यांनी टाचेची परीक्षा पुन्हा करा. आम्ही ती बचत गटाच्या बैठकीला जोडली आहे. हप्ता जमा झाला की अंगणात सायकली उभ्या राहतात, एक पाना सगळ्यांना पुरतो. लहान पडलेली सायकल भंगारात न घालता गटातल्याच धाकट्या पोरीकडे जाते.

बिहारमध्ये 2006 पासून मुलींना सायकली दिल्या गेल्या. त्याचा अभ्यास झाला तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. म्हणजे सायकलीवर शिक्षण टिकतं. पण दारात उभी असलेली सायकल कुणाला शाळेत नेत नाही. ती मुलीच्या अंगाला बसली तरच ती रोज निघते. तेव्हा या रविवारी टेप आणि पाना हाताशी घ्या, आणि लेकीला सीटवर बसवून बघा.